घोटा दुखावलेला रनिंग बॅक आणि रविवारचं डोहाळजेवण

प्रश्न : आमच्या ऑफिसात बारा जणांची फँटसी फुटबॉल लीग आहे (अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचे कागदावरचे संघ, गुण त्यांच्या खऱ्या खेळावर), हाफ पीपीआर. मी यंदा पहिल्यांदाच खेळतेय आणि कशी कोण जाणे, प्लेऑफच्या दारात येऊन उभी आहे. हा चौदाव्या आठवड्याचा सामना जिंकले तर आत, हरले तर घरी. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलेला माझा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) घोटा दुखावल्यामुळे दोन आठवडे बाहेर होता. या रविवारी परततोय म्हणतात, पण बुधवार-गुरुवार-शुक्रवार तिन्ही दिवस सराव 'लिमिटेड' आणि शेवटी शिक्का 'क्वेश्चनेबल'. त्याचा सामना 4:25 ला. बाकावर वेव्हरवरून (कुणीच न घेतलेल्या खेळाडूंतून) उचललेला एक तरुण आहे, दुसऱ्या संघातला. गेल्या रविवारी त्यानं दोन टचडाउन केले. त्याचा सामना 1 वाजता, उघड्या मैदानावर, बर्फाचा अंदाज आहे आणि त्याचा संघ या वेळी कमजोर समजला जातोय. माझा दुसरा रनिंग बॅक भरवशाचा आहे, त्याची चिंता नाही. फ्लेक्सला (या जागी एकाहून जास्त प्रकारचे खेळाडू चालतात) एक वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, आहे, सोमवारी रात्री खेळतो, दर वेळी सात-आठ गुण देतो. जखमी खेळाडूचा त्याच्याच संघातला बदलीही माझ्याकडे होता, पण हा परततोय म्हटल्यावर बुधवारी सोडून दिला. बाकावर आणखी एक किकर आहे. दोन्ही रनिंग बॅकचे आकडे सोबत जोडलेत.

नवरा म्हणतो, पहिल्या फेरीचा माणूस कधी बाकावर बसवायचा नसतो. मुलगा (वय 14) म्हणतो, फॉर्मात आहे त्याला खेळव. प्रतिस्पर्ध्याच्या एका खेळाडूनं गुरुवारीच 24 गुण घेऊन ठेवलेत. त्यात रविवारी दुपारी दोन ते पाच नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण आहे. तिथे फोनमध्ये डोकं घालून बसले तर माझी खैर नाही. आणि निर्णय चुकला तर सोमवारी ऑफिसात काय ऐकावं लागेल ते वेगळंच. काय करू?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : घोटा दुखावलेल्यालाच खेळवा. फक्त तो आयत्या वेळी बाहेर बसला तर काय, याची तजवीज शनिवारी रात्रीच करून ठेवा. तुमचं पत्र शुक्रवारी रात्री आलं आणि निर्णय रविवारचा, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी हे घेतलंय. इतरांनी रागावू नये. सासूबाईंच्या व्हिसाचा प्रश्न पुढच्या आठवड्यातही तसाच असणार आहे.

तुम्ही दोघांचीही नावं कळवली होती, ती मी गाळली. हे सदर एडिसनच्या आसपासच्या ऑफिसांतून बरंच वाचलं जातं, आणि तुमचा प्रतिस्पर्धी वाचकांपैकी निघाला तर पुढे मी जे करायला सांगणार आहे ते तुमच्याआधी तोच करून मोकळा होईल. तेव्हा जखमी खेळाडूला आपण थोरला म्हणू आणि वेव्हरवरच्याला धाकटा.

ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रीम इलेव्हनमध्ये दर सामन्याला नवा संघ लावता येतो आणि एकच फलंदाज लाखो लोकांच्या संघात असू शकतो. या लीगचं तसं नाही. मोसम सुरू व्हायच्या आधी ड्राफ्ट होतो, बारा जण आळीपाळीनं एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, खेळाडू उचलतात, आणि एकानं घेतलेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्याला मिळत नाही. दर आठवड्याला त्यांतले काही मैदानात उतरवायचे, उरलेले बाकावर. बाकावरच्याचे गुण दिसतात पण मिळत नाहीत, आणि फँटसी खेळणाऱ्यांचं निम्मं रडगाणं तिथलं असतं. चेंडू घेऊन 10 यार्ड पळालं की 1 गुण, टचडाउनचे, म्हणजे चेंडू टोकाच्या गोल लाइनपार नेण्याचे, 6, आणि हाफ पीपीआर असेल तर प्रत्येक झेलाचा अर्धा. खेळाडूचा सामना सुरू झाला की त्याला कुलूप लागतं. मग तो जिथे आहे तिथेच राहतो. हे कुलूप लक्षात ठेवा, तुमच्या प्रश्नाची गाठ तिथे आहे.

आधी चिरंजीवांचं म्हणणं, कारण ते ऐकताक्षणी पटतं आणि घातही तेच जास्त करतं. धाकट्याचा गेल्या रविवारचा हिशोब तुम्ही पाठवलाय : 9 वेळा चेंडू हाती, 31 यार्ड, झेल एकही नाही, टचडाउन 2. झाले 15.1 गुण. दोन्ही टचडाउन एकेका यार्डावरून. ते काढून ठेवले तर उरतात 3.1. याला फॉर्म म्हणत नाहीत. संघ दोनदा दाराशी पोचला आणि दोन्ही वेळा चेंडू याच्या हातात होता, एवढंच घडलं. जेरोम बेटिसचा 12 सप्टेंबर 2004 चा सामना याचा नमुना म्हणून फँटसीवाले अजून सांगतात. पिट्सबर्ग स्टीलर्सकडून ओकलंड रेडर्सविरुद्ध त्यानं 5 वेळा चेंडू घेतला, सगळे मिळून 1 यार्ड कमावला आणि टचडाउन केले 3. फँटसीत 18.1 गुण, त्यांतला दशांश गुण पळण्याचा.

आता एक गोष्ट मुलाच्या बाजूनं. गोल लाइनवर चेंडू मिळणं ही निव्वळ लॉटरी नसते, ती काही जणांची नेमून दिलेली नोकरी असते. डेट्रॉइट लायन्सकडे जाहमीर गिब्जसारखा विजेच्या चपळाईचा रनिंग बॅक असतानाही डेव्हिड माँटगोमरीनं 2023 मध्ये 13 आणि 2024 मध्ये 12 टचडाउन पळून केले. पण लायन्स तेव्हा खोऱ्यानं गुण ओढत होते. ते पुन्हा पुन्हा गोल लाइनच्या तोंडाशी जात, म्हणून माँटगोमरीच्या वाट्याला ते काम सतत येई. तुमच्या धाकट्याचा संघ या रविवारी हरेल असा अंदाज आहे. मागे पडलेला संघ पासवर जातो, चौथ्या क्वार्टरमध्ये चेंडू घेऊन पळत बसत नाही. आणि धाकटा झेल घेत नाही. तेव्हा संघ चौदा गुणांनी मागे पडला की हा बाजूला उभा राहून सामना बघणार, तुमच्यासारखाच.

गेल्या आठवड्याच्या गुणांमागे धावलेल्यांना जोनस ग्रेचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. 16 नोव्हेंबर 2014 ला न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या या कुणाला फारशा ठाऊक नसलेल्या पोरानं इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध सुमारे 200 यार्ड पळून 4 टचडाउन केले. त्या आठवड्यात वेव्हरवर त्याच्यासाठी झुंबड उडाली. तो शुक्रवारी उठायला उशीर होऊन सरावाला वेळेवर पोचला नाही, दरम्यान पेट्रियट्सनी लेगॅरेट ब्लाउंटला परत आणलं होतं, आणि रविवारी डेट्रॉइटविरुद्ध ग्रेच्या हाती एकदाही चेंडू आला नाही. ब्लाउंटनं दोन टचडाउन केले. झोपमोड न झाल्याचा दोष कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, हे मान्य. पण प्रशिक्षकाच्या मनात त्या खेळाडूसाठी दर आठवड्याचं काम पक्कं आहे का, हा प्रश्न 200 यार्डांनंतरही विचारायचा असतो.

थोरल्याकडे येऊ. दुखापतीआधीचे त्याचे आकडे बघा : सामन्याला सोळा-सतरा वेळा चेंडू हाती, वर चार-पाच टार्गेट, म्हणजे त्याच्याकडे फेकलेले पास. रनिंग बॅककडे बघताना मी गुण शेवटी बघतो. आधी चेंडू किती वेळा त्याच्याकडे गेला, मग त्यांतले किती पासमधून, मग संघाच्या एकूण स्नॅपपैकी, म्हणजे खेळलेल्या चालींपैकी, तो किती वेळ मैदानावर होता. यार्ड कमीजास्त होतात, टचडाउन तर लहरीच असतात. काम मात्र प्रशिक्षक ठरवतो आणि ते आठवड्याआठवड्याला फार हलत नाही. समजा प्रशिक्षकानं सांभाळून घेतलं आणि थोरल्याला नेहमीच्या तीन चतुर्थांश काम दिलं. बारा वेळा चेंडू. लीगमधली सरासरी एका वेळेला सव्वाचार यार्डांच्या आसपास असते, म्हणजे पन्नासेक यार्ड, 5 गुण. तीन झेल, वीस यार्ड, साडेतीन गुण. टचडाउनशिवाय साडेआठ. धाकट्याचे टचडाउनशिवाय तीन. दुखऱ्या घोट्यानं यांतला एखाददुसरा गुण खाल्ला तरी फरक शिल्लक राहतो. शिवाय झेल घेणारा असल्यामुळे त्याचा संघ मागे पडला तरी तो मैदानाबाहेर जात नाही.

परतणाऱ्या खेळाडूला पहिल्या सामन्यात जपून वापरतात हे सरसकट खरं नाही. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा क्रिस्चियन मॅकॅफ्री 2024 मध्ये दोन महिने बाहेर राहून 10 नोव्हेंबरला टॅम्पाविरुद्ध परतला आणि त्याच दिवशी 13 वेळा पळाला, वर 6 झेल घेतले. पळण्यात धार नव्हती, 39 यार्डच मिळाले, पण झेलांनी भरून काढलं. तुमच्या थोरल्याकडून मला असाच काहीसा सामना अपेक्षित आहे : डोळ्यांत न भरणारा, तरी पदरात काहीतरी टाकणारा.

'क्वेश्चनेबल' या शिक्क्यानं फार घाबरू नका. 2016 पूर्वी 'प्रॉबेबल' असा आणखी एक शिक्का असे, म्हणजे जवळजवळ नक्की खेळणार. तो एनएफएलनं काढून टाकला, आणि तेव्हापासून 'क्वेश्चनेबल'मध्ये किरकोळ खरचटलेला आणि खरोखर अधांतरी असलेला, दोघंही एकत्र बसतात. त्यामुळे शिक्क्यापेक्षा सरावाचा क्रम बघायचा. बुधवारी लिमिटेड आणि शुक्रवारी पूर्ण सराव, तर निर्धास्त. बुधवारी लिमिटेड आणि शुक्रवारी सरावच नाही, तर हात जोडून दुसरा शोधायचा. तुमच्या थोरल्याचं तिन्ही दिवस एकसारखं आहे : बिघडलेलं नाही, सुधारलेलंही नाही. खेळेल, असं मला वाटतं. 'वाटतं' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय.

रविवारी सकाळी एनएफएलच्या आतल्या बातम्या देणारे पत्रकार अॅडम शेफ्टर आणि इयन रॅपोपोर्ट यांच्या पोस्ट येतील. त्यांत 'खेळणार' एवढं वाचून फोन खाली ठेवू नका. 'किती खेळणार' याबद्दल काही शब्द आहेत का ते बघा. 'पूर्ण भार देणार नाहीत' असं असेल तर चालेल, तो हिशोब आपण वर धरलाच आहे. 'गरज पडली तरच' असं असेल तर मात्र माझं उत्तर बदलतं आणि थोरला बाकावर जातो. कारण गणवेश घालून बाजूला उभा राहिलेला खेळाडू हा न खेळणाऱ्यापेक्षा वाईट. न खेळणारा निदान बदलता तरी येतो.

तुमच्या यजमानांचं 'पहिल्या फेरीचा माणूस' हे पदरी पडलं पवित्र झालं यातलं आहे. ऑगस्टमध्ये त्याला कितव्या क्रमांकावर घेतलं याचा डिसेंबरातल्या रविवारशी काडीचा संबंध नाही. पहिल्या फेरीत जाणारे बहुतेक जण भरपूर काम मिळणारे असतात, म्हणून ते वाक्य बऱ्याचदा बरोबर ठरतं. यजमान बरोबर निष्कर्षावर चुकीच्या वाटेनं पोचलेत. घरात हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बर्फाचं दोन ओळींत. बर्फ रनिंग बॅकचा शत्रू नाही. 8 डिसेंबर 2013 ला फिलाडेल्फियात घोट्याएवढ्या बर्फात लशॉन मकॉयनं लायन्सविरुद्ध 217 यार्ड काढले होते. पासचा खेळ बिघडवतो तो जोराचा वारा. त्यामुळे धाकट्याला नको म्हणायला माझ्याकडे बरीच कारणं आहेत, त्यांत हवामान नाही.

आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्याचे 24 गुण. पुढे असलात तर कमी धोक्याचा खेळाडू घ्यावा, मागे असलात तर ज्याची उडी मोठी आहे तो. दोघांत उडी थोरल्याचीच मोठी आहे, तेव्हा इथेही उत्तर तेच येतं.

इथवर सोपं होतं. खरा घोळ घड्याळाचा आहे. न खेळणाऱ्यांची अधिकृत यादी सामन्याच्या दीड तास आधी जाहीर होते. थोरल्याचा सामना 4:25 ला, म्हणजे यादी 2:55 ला. धाकट्याला कुलूप लागतं 1 वाजता. थोरला बाहेर असल्याचं तुम्हाला कळेल तेव्हा धाकटा तिसऱ्या क्वार्टरमध्ये असेल आणि त्याचे गुण तुमच्या बाकावर पडत असतील. वरातीमागून घोडं ते हेच. आत्ताच्या मांडणीत थोरला रनिंग बॅकच्या जागेवर आहे. तो बाहेर गेला तर तिथे फक्त रनिंग बॅकच बसू शकतो, आणि न खेळलेला रनिंग बॅक तुमच्याकडे एकही उरलेला नसेल. त्या जागेचे गुण शून्य.

म्हणून हे वाचून पूर्ण व्हायच्या आधीच लीगचं अॅप उघडा आणि बुधवारी सोडलेला बदली मोकळा आहे का बघा. बहुतेक लीगमध्ये सोडलेला खेळाडू एक-दोन दिवस वेव्हरवर अडकतो आणि मग जो आधी हात लावेल त्याचा. शनिवारपर्यंत सुटला असेल. असेल तर दुसरा किकर सोडा आणि त्याला घ्या. (दुसरा किकर का बाळगलाय हे मी विचारणार नव्हतो, पण राहवत नाही : का?) बदली हातात असला की तुमचा प्रश्नच मिटतो. दोघं एकाच संघातले, एकाच 4:25 च्या सामन्यातले. 2:55 ला थोरला यादीत दिसला तर बदलीला त्याच्या जागी बसवायचं. थोरला बाहेर म्हणजे त्याचं जवळपास सगळं काम याला. थोरला आत असेल तर काहीच करायचं नाही. धाकटा दोन्ही वेळा बाकावर, आणि फ्लेक्सला तुमचा सोमवारचा रिसीव्हर आहे तसाच.

हा बदली बाळगण्याचा धडा ज्यांना 9 सप्टेंबर 2024 ला मिळाला ते अजून विसरलेले नाहीत. तोच मॅकॅफ्री, मोसमाचा पहिला आठवडा, सोमवार रात्रीचा जेट्सविरुद्धचा सामना. बहुसंख्य ड्राफ्टमध्ये तो सगळ्यात आधी गेलेला. 'क्वेश्चनेबल' होता, पण खेळेल अशीच सगळ्यांची समजूत. सामन्याच्या दीड तास आधी यादी आली आणि त्यात त्याचं नाव. आठवड्यातला तो शेवटचा सामना, बाकी सगळ्यांना कुलपं लागलेली. ज्यांच्या बाकावर त्याचा बदली जॉर्डन मेसन होता त्यांनी तेवढ्यात बोट फिरवलं. मेसननं 28 वेळा चेंडू घेऊन 147 यार्ड आणि एक टचडाउन केला. ज्यांच्याकडे नव्हता ते शून्याकडे बघत बसले. थोरल्याची तब्येत पूर्ण सुधारेपर्यंत त्याचा बदली सोडायचा नसतो. तो परतल्यानंतरचा पहिला आठवडा तर सगळ्यात नाजूक, तेव्हा बुधवारची घाई नडली. असो.

बदली कुणी पळवला असेल तर मांडणी फिरवा. धाकट्याला रनिंग बॅकच्या जागेवर आणा, थोरल्याला फ्लेक्समध्ये टाका आणि वाइड रिसीव्हरला बाकावर बसवा. फ्लेक्समध्ये रनिंग बॅक, वाइड रिसीव्हर, टाइट एंड यांपैकी कुणीही चालतो, म्हणून उशिरा खेळणारा किंवा शंकेचा खेळाडू नेहमी तिथे ठेवावा. 2:55 ला थोरला बाहेर निघाला तर रिसीव्हरला फ्लेक्समध्ये उचलायचं; तो सोमवारी रात्री 8:15 पर्यंत मोकळाच आहे. थोरला खेळला तर धाकटा आणि थोरला दोघंही मैदानात. याची किंमत आहे, ती लपवत नाही : थोरला खेळला तर रिसीव्हरचे ठरलेले सात-आठ सोडून तुम्ही धाकट्याचे तीन, नऊ किंवा पंधरा घेताय. माझ्या अंदाजानं यात दोन-एक गुणांचा तोटा आहे. शून्याची टांगती तलवार उतरवायला तेवढं मी देईन. रविवारी रात्री किंवा सोमवारी खेळणारा एखादा बेताचा रनिंग बॅक मोकळा सापडला तर तेही देऊ नका. किकर सोडून त्याला बाकावर आणा, आत्ताची मांडणी तशीच ठेवा, आणि गरज पडली तर 2:55 ला त्याला पुढे करा. पाच गुण देणाराही चालेल.

ऑफिसातल्यांचं. निकाल तुमच्या मनासारखा लागला नाही तर कुणीतरी म्हणणारच, धाकट्याला खेळवायला हवं होतं. म्हणू द्या. 2018 मध्ये टेनेसी टायटन्सच्या डेरिक हेन्रीनं पहिल्या 12 सामन्यांत मिळून 474 यार्ड काढले होते, म्हणजे सामन्याला चाळीसही नाहीत. 6 डिसेंबरच्या गुरुवारी जॅक्सनव्हिलविरुद्ध एकाच सामन्यात 238 यार्ड आणि 4 टचडाउन, त्यांतला एक 99 यार्डांचा. नेमका फँटसी प्लेऑफचा आठवडा, आणि कित्येकांच्या बाकावर हेन्री. त्यांचा निर्णय चुकला होता का? मी तरी त्या बुधवारी हेन्रीला बाकावरच ठेवा म्हणालो असतो आणि आजही तेच म्हणेन.

काही गोष्टी तर खुद्द खेळाडूच ठरवतो. 16 डिसेंबर 2007 ला फिलाडेल्फिया ईगल्सचा ब्रायन वेस्टब्रूक डॅलसविरुद्ध मोकळा सुटला, पुढे अडवायला कुणी नाही, आणि 1 यार्डाच्या रेषेवर मुद्दाम खाली बसला. डॅलसकडे घड्याळ थांबवायला टाइमआउट उरले नव्हते. घड्याळ संपवून ईगल्सनी सामना 10-6 असा जिंकला. फँटसी प्लेऑफमध्ये त्याच्यावर मदार ठेवलेल्यांच्या हातचे 6 गुण मात्र गेले. उलट 25 ऑक्टोबर 2020 ला अटलांटाच्या टॉड गर्लीला असंच थांबायचं होतं, तोल सावरला नाही आणि तो टचडाउनमध्ये पडला. शेवटच्या क्षणी चेंडू लायन्सना मिळाला आणि अटलांटा 23-22 असं हरलं. गर्लीला खेळवणारे खूष. यातलं काय तुम्ही शनिवारी रात्री ओळखणार होता?

राहिलं डोहाळजेवण. त्यात फोन काढायची गरज नाही. अॅप चिरंजीवांच्या फोनवर चालू करून द्या. 14 वर्षांच्या मुलानं फोनमध्ये डोकं घातलं तर कुणाला नवल वाटणार नाही. त्याला आधीच लिहून द्या : 2:55 ला यादी बघायची, थोरला तीत असेल तर हा बाहेर आणि हा आत, नसेल तर कशालाही हात लावायचा नाही. तोवर धाकट्याचा एखादा टचडाउन झालेला असेल आणि तो तुम्हाला ओटी भरण्याच्या मधेच सांगायला येईल. तुमची मांडणी कुठलीही असली तरी त्या वेळी तुम्हाला काही करता येणार नाही, तेव्हा पेढा द्या आणि पाठवून द्या. आणि 3 वाजता एकदा विचारून घ्या, कारण तिन्ही दिवस लिमिटेड असलेल्या घोट्याचा भरवसा मी चार तास आधी देऊ शकत नाही.